नट आवळले होते

नळावरून विमल आली ती रिकामी घागर घेऊन. दारातूनच म्हणाली, "त्या सुताराच्या आक्काशी मी आता जन्मात बोलणार नाही."

विमल माझी बायको. मी ओट्यावर बसलो होतो. दसरा उलटून गेलेला, धंद्याचे दिवस, आणि मी गॅरेजला कुलूप लावून घरात बसलेलो. असं कधी झालं नव्हतं.

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणायचं राहिलंय? म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं नट ढिले ठेवले आणि मास्तरांच्या पोराचा जीव घेतला. सगळ्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, आक्का, माझा नवरा जेवणाआधी हात धुवायला विसरेल, पण नट आवळायला विसरायचा नाही. भांडण केलं आणि नंबर सोडून आले. आता पाणी संध्याकाळी."

घागर उतरवून ती माझ्यासमोर बसली. पदराने मान पुसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला एकदाच सांगा. आवळले होते ना?"

"आवळले होते."

"मग झालं," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली. पुन्हा विचारलं नाही.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मास्तर गेले, विमलही गेली. मी ते गाव सोडून लातूरला ट्रकच्या कामावर लागलो, तेही काम आता सुटलं. कोणाचं काही बिघडायचं राहिलेलं नाही, म्हणून सांगतो.

नलवडे मास्तर आमच्या गावच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे घालून त्यांनी एकुलत्या एका मुलाला, उमाकांतला, जुनी जीप घेऊन दिली. उमाकांत आमचं गाव ते बार्शी असं वडाप करायचा, माणसं भरून न्यायची, माणसं भरून आणायची. मास्तर देवमाणूस, पण गाडीच्या बाबतीत भलते संशयी. त्याला कारणही होतं. एका मेकॅनिकने चांगलं बेअरिंग काढून घेऊन जुनं घातलं होतं, दुसऱ्याने नवा टायर बदलला होता. त्यामुळे माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा स्टूल टाकून समोरच बसले. दुपारभर उठले नाहीत. काढलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या हातात द्यायची, ते उलटीपालटी करून बघणार, मग पुढचं काम. मला राग आला होता. म्हटलं, मास्तर, परीक्षा चाललीय का माझी? ते म्हणाले, "हो."

पास झालो म्हणायचं. कारण पुढं पुढं मास्तर यायचे थांबले आणि उमाकांत नुसती जीप लावून जायचा. माझी एक पद्धत होती. चाक निघालं की त्याचे नट मीच आवळायचे. मग गाडी स्वतः वेशीपर्यंत फिरवून आणायची आणि परत आल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. मास्तर लोकांना सांगायचे, की माझ्या गाडीला धोंडीराम सोडून कोणाचा हात लागायचा नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी उमाकांतच्या जीपचं पुढचं डावं चाक आवाज करायला लागलं. मी बेअरिंग बदललं, नट आवळले, फिरवून आणली, पुन्हा आवळले. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी उमाकांत रिकामी खेप घेऊन परत येत होता. ओढ्याच्या उतारावर तेच डावं चाक निखळलं आणि जीप कठड्यावरून खाली गेली. पोरगं जागीच गेलं.

गावाला फार डोकं चालवावं लागलं नाही. चाकाचं काम कोणी केलं? धोंडीराम मिस्त्रीने. संपलं.

विमलला मी ठामपणे सांगितलं खरं, पण आतून पार हललो होतो. शंभरदा आठवून बघायचो. पाना लावला होता, दाबला होता, अंगाचा भार टाकला होता. आणि शंभरदा आठवलं की एकशेएकाव्या वेळी वाटायला लागायचं, की हे त्या दिवशीचं आठवतंय की दुसऱ्याच कोणत्या दिवशीचं? शेवटी राहवेना, तेव्हा उठलो आणि पोलीस चौकीच्या मागे जीप आणून टाकली होती तिथं गेलो. फौजदार ओळखीचा होता. म्हणाला, "बघ बाबा, पण काही हलवू नको."

जीप कुशीवर पडली होती. निखळलेलं चाक बाजूला टाकलं होतं. मी वाकून बघितलं आणि बघतच राहिलो. माझ्याकडून गेली तेव्हा जीपच्या चाकांच्या मधल्या लोखंडी डिस्का काळ्या, गंजलेल्या होत्या. आता त्या चंदेरी होत्या. बाहेरून आणि आतूनही. चाक ब्रेकच्या ड्रमवर जिथं टेकतं तिथंसुद्धा जाड रंग होता, नटांच्या भोकांतही होता. नटाखाली तो रंग चेपून गोळा झाला होता, आणि कुठं कुठं अजून चिकट होता. ओल्या रंगावर नट कितीही आवळा, रंग चेपला की नट ढिला झालाच. माझ्यानंतर कोणीतरी चाकं काढली होती, रंगवली होती आणि परत बसवली होती.

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की तिथंच धुळीत मांडी घालून बसलो. मी नव्हतो. माझा हात चुकला नव्हता.

मग त्या रंगाकडं नीट बघितलं. ब्रशाचा एक फराटा दिसत नव्हता. असा रंग देणारा हात गावात एकच होता.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडतात. पाने, जॅक, हातोडी, सगळं धुऊन पुसून पाटावर ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, आणि दसरा होईस्तोवर कोणी उचलायचं नाही. गाडीचीही पूजा असते, त्यासाठी ती धुऊन सजवून ठेवतात. म्हणजे त्या दिवशी जीप माझ्याकडं येणं शक्यच नव्हतं. पूजेला गाडी छान दिसावी म्हणून मास्तरांनी घरच्या घरीच चाकं काढली होती.

मी तडक मास्तरांच्या घराकडं निघालो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण बोलायचं एवढं ठरलं होतं. पुढच्या दारी माणसं भेटायला आलेली, म्हणून मागच्या बोळाने गेलो. न्हाणीपाशी शैला उभी होती, उमाकांतची बायको. मास्तरांना ती मामा म्हणायची. कपाळ मोकळं. मला बघून ती दचकली नाही.

"मिस्त्रीभाऊ, जीप बघून आलात ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बोटांना रंग लागलाय."

मी बोटं शर्टाला पुसली. ती म्हणाली, "चाक मीच धरलं होतं. मामा आतल्या बाजूनं रंग देत होते. हे म्हणाले, आतून कशाला देताय, कोण बघतंय? मामा म्हणाले, देव बघतो. हे गेल्यावर राहिलेला रंगाचा डबा मी आडात टाकला."

"शैला, गाव मला खुनी म्हणतंय."

"मला ऐकू येतं." ती आतल्या दाराकडं बघून आणखी हळू बोलायला लागली. "ओल्या रंगानं नट ढिले पडले हे मामांना अजून कळलेलं नाही. त्यांना खरंच वाटतं की तुमच्याकडून राहिलं. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ते त्याच आडात उडी घेतील. भाऊ, तुमच्या हातात कसब आहे, तुम्ही कुठंही पोट भराल. माझं एक माणूस गेलं. दुसरंही गेलं तर मी आणि माझी पोरगी कुठं जायचं?"

"आणि माझ्या नावाचं काय?"

ती माझ्या पाया पडायला वाकली तसा मी मागे सरलो. मला तिचा संताप आला होता. आणि अशा बाईचा संताप येतो म्हणून स्वतःचाही आला. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, बोळातून परत फिरलो.

घरी आल्यावर विमलला सांगणार होतो. पण विमलच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी नळावर पहिलं भांडं लागायच्या आत सगळ्या गावाला कळलं असतं, आणि कळायलाच पाहिजे होतं, ती माझ्यासाठीच तर भांडत होती. म्हटलं, तेरावं तरी होऊ दे. मग बघू.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी गॅरेजचं शटर अर्धं उघडून आत बसलो होतो. बाहेर काठीचा आवाज आला आणि वाकून आत शिरले ते मास्तर. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"फौजदार म्हणाला, तू चाक बघून गेलास."

"बघितलं."

"मग तुला कळलंच असेल."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"मीही बघून आलोय," मास्तर म्हणाले. "तुझ्या आधी. उभा जन्म रंगात गेला माझा, धोंडीराम. कोणता रंग वाळायला किती वेळ घेतो हे मला कोणी सांगायला नको होतं. पूजेचा मुहूर्त टळेल म्हणून घाई केली. पोरगं नको नको म्हणत होतं."

ते रडले नाहीत. रडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मग आता काय करायचं म्हणता?"

"उद्या शैलाचा भाऊ तुला विचारणार आहे, सगळ्यांसमोर. तिला न्यायलाच आलाय तो. चाक रंगामुळं निखळलं हे तिला अजून माहीत नाही. माझ्या हातून तिचा नवरा गेला हे तिला कळलं, तर ती या घरात एक दिवस राहायची नाही. नातीला घेऊन जाईल. आणि का जाऊ नये तिने? पोलीस केस मी होऊ देणार नाही, माझा शब्द आहे. तू फक्त एवढं म्हण, की नजरचुकीने राहिलं."

"मास्तर, माझी बायको रोज नळावर लोकांशी भांडून येतीय."

"ठाऊक आहे मला. चांगली बाई आहे ती."

तोंडाशी आलं होतं, की मास्तर, शैलाला सगळं माहीत आहे, रंगाचा डबा तिनेच आडात टाकलाय, तुम्ही दोघं एकमेकांपासून काय लपवताय? पण समोर तो म्हातारा काठीवर उभा होता. त्याला इथून घरी जायचं होतं आणि तिच्या हातचं ताट समोर घ्यायचं होतं. आज, उद्या, मरेपर्यंत. मी सांगितलं असतं, तर घास कसा उतरला असता त्याच्या घशाखाली? आणि तिने तरी तो कसा वाढला असता? मी म्हणालो, "बघतो."

तेराव्याला मी जाणार नव्हतो. विमलच म्हणाली, "न जाऊन कसं चालेल? आपण नाही गेलो तर लोक म्हणतील, बघा, तोंड लपवलं. तुम्ही काही केलं नाही, ताठ मानेने चला." आणि गेल्या गेल्या तिने कमरेला पदर खोचून वाढायला घेतलं.

पंगत बसायच्या आधी शैलाचा भाऊ पोपटराव मांडवात उभा राहिला. सगळ्यांना याचीच वाट होती.

"मिस्त्री, एकच विचारतो. नट तुम्ही आवळले होते का?"

मी मास्तरांकडं बघितलं. ते धोतराच्या सोग्याची घडी घालता घालता थांबले होते. शैला स्वयंपाकघराच्या दारात. दोघांचे डोळे माझ्यावर, आणि एकमेकांकडं दोघंही बघायला तयार नाहीत.

"राहिले असतील माझ्याकडून," मी म्हणालो.

"असतील, की राहिले?"

"राहिले."

पोपटराव अंगावर आला, लोकांनी धरला. मास्तर म्हणाले, "झालं ते झालं. केस करायची नाही. माझ्या घरात आज वाद नको." लोक म्हणाले, काय मन आहे माणसाचं. मला समोर विमल दिसत होती. तिच्या हातात आमटीची बादली होती. ती जागची हलली नाही, मग कोणीतरी आमटी मागितली तशी ती पुढं झाली आणि आख्खी पंगत तिने वाढली.

घरी येताना ती माझ्या मागून चालत होती. एरवी ती बरोबरीने चालायची, बोलत बोलत. आत आल्यावर दार लावून घेतलं.

"खरं?"

"चारचौघांत बोललो ना."

"ते मी ऐकलं. मला सांगा. खरं?"

नाही म्हटलं असतं तर ती तशाच चपला घालून मांडवात परत गेली असती. मी म्हणालो, "हो."

ती ओरडली नाही. चुलीपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "मी आक्काला नाही नाही ते बोलले." दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर जाऊन तिने सुताराच्या आक्काची माफी मागितली. मला तिने हे सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं.

धंदा बसला. बसणारच होता. ज्याने चाक ढिलं ठेवून माणूस मारला त्याच्याकडं गाडी कोण लावणार? जुनी गिऱ्हाइकं गॅरेजसमोरून जाताना दुसरीकडं बघायची. त्याचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते विमलचं. नंतर एके दिवशी सकाळीच ती तयार होऊन निघाली.

"कुठं?"

"मास्तरांकडं. शैलाच्यानं काही होत नाही. धुणं-भांडी तशीच पडलेली असतात."

"तू कशाला? ती काय आपली..."

"तुमच्या हातून झालंय," ती म्हणाली. "तुम्ही काही करणार नाही, मला तरी करू द्या."

मला वाटलं, एक-दोन दिवसांचं आहे. शैला म्हणेल, विमलताई, राहू दे. मास्तर म्हणतील, बाई, हे बरं दिसत नाही. ते दोघं तिला थांबवतीलच याची मला खात्री होती. दिवाळी झाली, संक्रांत झाली, विमल रोज जात होती. स्वतःच्या घरचं आवरून त्यांच्या घरचं करायची. हात सोड्याने फुटले होते. मी विचारलं, "काही म्हणतात का ते तुला?" ती म्हणाली, "काय म्हणणार? बिचारे काही बोलत नाहीत. मास्तर तर माझ्याकडं मान वर करून बघतसुद्धा नाहीत, एवढी भली माणसं."

त्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. गॅरेजमधून उठलो ते थेट मास्तरांच्या मागच्या अंगणात. मास्तर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. शैला ओसरीवर पीठ चाळत होती. आणि न्हाणीच्या दगडापाशी माझी बायको मास्तरांची धोतरं धूत होती.

"विमल, ऊठ."

"एवढं आटपलं की येते."

"ऊठ म्हणतो ना. मी नट आवळले होते."

तिचा हात थांबला. मी काही बाकी ठेवलं नाही. म्हटलं, "माझ्यानंतर मास्तरांनी चाकं काढून रंगवली. रंग ओला असतानाच बसवली. शैलाने चाक धरलं होतं. दोघांनाही सगळं ठाऊक आहे. दोघं वेगवेगळे मला गाठून म्हणाले, की दुसऱ्याला कळू देऊ नको. म्हणून मी मांडवात खोटं बोललो. तू ज्यांची धुणी धुतेस त्यांच्यासाठी खोटं बोललो."

मास्तरांनी शैलाकडं बघितलं. शैलाने मास्तरांकडं बघितलं. उमाकांत गेल्यापासून मी त्या दोघांना एकमेकांकडं बघताना पहिल्यांदाच पाहत होतो. मी थांबलो. माझं म्हणणं काही फार नव्हतं. दोघांपैकी एकाने 'खरं आहे' एवढंच म्हणायचं होतं.

शैलाने चाळण हातात घेतली आणि पीठ चाळायला लागली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

विमल उठली. ओले हात पदराला पुसत माझ्यापाशी आली. मला वाटलं, चला, सुटलो. ती अगदी जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "लाज नाही वाटत? ज्याचं पोरगं गेलं त्याच्याच दारात येऊन त्याच्यावर ढकलताय?"

"विमल, मी देवाशपथ..."

"पुरे." मग ती मास्तरांकडं वळली, हात जोडले. "मास्तर, मनावर घेऊ नका. तेव्हापासून यांचं डोकं ठिकाणावर नाही."

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "असू दे, बाई."

विमल दगडापाशी जाऊन बसली आणि राहिलेलं धोतर पिळायला लागली.